अपंगत्व, आपली मुले आणि आपला धम्म

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात ऑकलंड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'शाळकरी मुलांना अपंगत्वाची ओळख कशी करून द्यावी' हा विषय कार्यकारिणीने मला दिला. मी डॉक्टर आहे, म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. परंतु हा विषय वैद्यकशास्त्राचा जेवढा आहे, त्याहून अधिक आपल्या घरांचा आणि आपल्या या समारंभांचा आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे एका प्रसंगापासून सांगते.

काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या कार्यक्रमात एक कुटुंब माझ्या शेजारी जेवायला बसले होते. आई, वडील आणि मुलगी. बोलता बोलता मुलगी सहज सांगून गेली की, घरी तिचा धाकटा भाऊ आहे. चार वर्षे हे कुटुंब आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला येत होते आणि त्यांना मुलगा आहे हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो चाकाच्या खुर्चीत बसतो आणि त्याचे बोलणे सहज समजत नाही. वडिलांना मी विचारले तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, "ताई, तो घरीच बरा असतो. इथे आणला की जो तो विचारतो, काय झालं, कशामुळे झालं, काही उपाय केला का. आणि आपल्या हॉलला अकरा पायऱ्या आहेत." परत जाताना मी पायऱ्या मोजल्या. अकराच होत्या. चार वर्षे मी त्या चढत-उतरत होते.

मला अधिक लागली ती पुढची गोष्ट. हाच मुलगा रोज घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत जातो. वर्गातील मुले त्याला नावाने हाक मारतात, त्याच्या खुर्चीभोवती खेळतात, वाढदिवसाला बोलावतात. परक्या म्हणवल्या जाणाऱ्या देशातील शाळेत त्याला जागा होती आणि बाबासाहेबांच्या जयंतीत नव्हती.

शाळेतील ती जागा आपोआप निर्माण झालेली नाही. या देशाचा त्याबाबतचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. क्राइस्टचर्चजवळ समनर येथे १८८० साली कर्णबधिर मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. गेरिट व्हॅन ॲश हे तिचे पहिले प्रमुख. तेथे मुलांनी ओठ वाचून तोंडाने बोलावे असा आग्रह होता आणि हाताच्या खुणांनी बोलण्यास मनाई होती. मुले चोरून, वसतिगृहात, अंधुक उजेडात एकमेकांशी खुणांनी बोलत राहिली. त्यांच्या त्या चोरट्या भाषेला पुढे २००६ साली कायद्याने या देशाच्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. आज मे महिन्यात शाळाशाळांतून न्यूझीलंड सांकेतिक भाषेचा सप्ताह होतो आणि आपली मुले घरी येऊन बोटांनी आपले नाव सांगून दाखवतात. त्या बोटांमागे सुमारे शंभर वर्षांची शिक्षा आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आपण सांगावे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे नशीब याहून कठीण होते. १९४५ पासून लेव्हिन येथे त्यांच्यासाठी एक मोठी वसाहत चालू होती; पुढे ती किंबर्ली सेंटर या नावाने ओळखली गेली. मूल जन्मले की डॉक्टर आईवडिलांना सांगत, त्याला तेथे ठेवा आणि विसरून जा. असा सल्ला देणाऱ्यांत माझ्याच व्यवसायाचे लोक आघाडीवर होते, हे मला कबूल केले पाहिजे. १९४९ साली वेलिंग्टनमध्ये काही पालकांनी हा सल्ला नाकारून संघटना काढली. आयएचसी या नावाने ती आज सर्वत्र परिचित आहे. किंबर्ली मात्र २००६ पर्यंत चालू होते. रॉबर्ट मार्टिन हे १९५७ साली जन्मलेले गृहस्थ तान्हेपणीच तेथे पाठविले गेले होते. तेच रॉबर्ट मार्टिन २०१६ साली अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर निवडून गेले. अशा समितीवर निवडून आलेली बौद्धिक अपंगत्व असलेली ती जगातील पहिली व्यक्ती. २०२० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी राजकीय चौकशी आयोगाचा अहवाल आला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी व धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली राहिलेल्या सुमारे साडेसहा लाख माणसांपैकी अंदाजे दोन लाखांचा छळ झाला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी संसदेत जाहीर माफी मागितली.

शाळेपुरता बदल घडवला तो १९८९ च्या शिक्षण कायद्याने. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलालाही इतर मुलांइतकाच सरकारी शाळेत प्रवेशाचा आणि शिक्षणाचा हक्क आहे, असे त्याच्या आठव्या कलमात लिहिले गेले. २०२० च्या नव्या कायद्यातही तो हक्क कायम आहे. कायदा असला तरी मदतनीस शिक्षिकेच्या चार तासांसाठी आईवडिलांना किती पत्रे लिहावी लागतात, ते ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना विचारा. पण पत्र लिहिण्यास आधार तरी आहे.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दाखल्यात भिवा नावाच्या एका मुलाचे नाव लिहिले गेले. महाराष्ट्रात आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यात शिकताना भिवा वर्गात इतर मुलांबरोबर बसू शकत नव्हता. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तो एका कोपऱ्यात बसे आणि तो तुकडा रोज घरी परत नेई, कारण त्याला हात लावण्यास कोणी तयार नसे. तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडीपर्यंत थांबावे लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. हा भिवा कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता मला सांगा, तुमच्या वर्गात एखादे मूल चाकाच्या खुर्चीत असेल आणि पाण्याच्या नळाची उंची त्याच्या हाताला येत नसेल, तर ते काय करते? मदतनीस येईपर्यंत थांबते.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. अस्पृश्यता माणसांनी निर्माण केली. मुलाच्या मेंदूला झालेली इजा कोणी ठरवून केलेली नसते. परंतु नळ किती उंचीवर बसवायचा आणि सभागृह कोणते घ्यायचे, हे माणसेच ठरवतात.

आपण सोसले आहे, म्हणून दुसऱ्याचे सोसणे आपल्याला आपसूक कळते, असा एक समज आपल्यात आहे. माझा अनुभव तसा नाही. विदर्भातील आमच्या वस्तीत माझ्या एका चुलतभावाचा पाय पोलिओने गेला होता. आम्ही सारी मुले त्याला 'लंगड्या' म्हणूनच हाक मारीत असू. गावातील मुलांनी आम्हाला जातीवरून हाक मारली की आम्ही दगड उचलत असू आणि संध्याकाळी त्याच तोंडाने त्याला लंगड्या म्हणत असू. त्याने कधी दगड उचलला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्या दिवशी मी त्याला फोन केला होता. हाक मारण्याचा विषय मात्र माझ्या तोंडून निघाला नाही.

आता आपल्या घरांविषयी. मूल वेगळे जन्मले की गावाकडून फोन येतो आणि आजी म्हणते, "मागल्या जन्मीचे भोग, पोरी." आजीवर रागावण्यात अर्थ नाही; तिने आयुष्यभर हेच ऐकले. पण बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत असलेले आपण त्यावर काय उत्तर देतो? बहुधा गप्प बसतो, आणि मनात कोठेतरी ते मानतो. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर एक प्रकरण आहे. ते पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. मूल आपल्या मातापित्यांकडून काय घेऊन येते, हे बाबासाहेबांनी तेथे आनुवंशिकतेच्या शास्त्राला विचारले आहे आणि दुःखाचे खापर पूर्वजन्मावर फोडल्याने समाजाची व राज्याची जबाबदारी कशी सुटते, हे दाखविले आहे. त्यांच्यापुढे दारिद्र्याचा प्रश्न होता. तोच युक्तिवाद अपंगत्वाला अक्षरशः लागू पडतो.

वैद्यकशास्त्राचे उत्तर सरळ आहे. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. हे १९५९ साली उलगडले. सेरेब्रल पाल्सी म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला झालेली इजा. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषाचे एक मोठे कारण म्हणजे आईच्या शरीरातील फॉलिक ॲसिडची कमतरता. म्हणूनच या देशात ऑगस्ट २०२३ पासून पावासाठी लागणाऱ्या गव्हाच्या पिठात ते मिसळणे बंधनकारक झाले. पिठात जीवनसत्त्व घालून जे कमी होते, ते पूर्वजन्मीचे पाप कसे असेल?

आणि एका आजाराविषयी मला अधिक वेळ घेऊन बोलायचे आहे, कारण तो आपल्या घरचा आहे. सिकलसेल. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः निरोगी असतो, म्हणून त्याला पत्ता नसतो. भारताच्या २०१६ च्या कायद्याने जी एकवीस अपंगत्वे मानली, त्यात सिकलसेल आहे. हे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. मूल धडधाकट दिसते आणि एखाद्या दिवशी हाडांतील वेदनेने उठू शकत नाही. शिक्षकाला वाटते, कामचुकार आहे. येथील शिक्षकांनाच काय, अनेक डॉक्टरांनाही हा आजार क्वचितच भेटतो. तेव्हा असे मूल असेल तर शाळेला लेखी कळवा: त्याला वर्गात केव्हाही पाणी पिऊ द्यावे, हिवाळ्यात ऊबदार कपडे घालू द्यावेत, थंड पाण्यात पोहण्याची सक्ती करू नये, ताप आला किंवा छातीत दुखले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लग्न जमणार नाही या भीतीने आपण हा आजार लपवतो. लपवल्याने मुलाला थंड पाण्यात उतरवले जाते. लग्नापूर्वी दोघांनी रक्त तपासून घ्यावे. पत्रिका पाहणे आपण सोडले, तेथे हा कागद पाहावा.

धम्मग्रंथांकडे वळताना प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे. तेथे सर्वच काही आपल्या सोयीचे नाही. अट्ठकथेत चक्खुपाल या अंध स्थविराची कथा आहे. गतजन्मी तो वैद्य होता आणि त्याने एका स्त्रीचे डोळे घालवले, म्हणून तो आंधळा झाला, असे कथाकार सांगतो. एक डॉक्टर म्हणून ही कथा मला विशेष अस्वस्थ करते. विनयपिटकात काही रोग असलेल्यांना आणि अंध, बधिर, पंगू व्यक्तींना प्रव्रज्या देऊ नये असे नियम आहेत. रोगाविषयीच्या नियमामागचे कारण तेथेच सांगितले आहे: जीवकाचे औषध मिळावे म्हणून लोक भिक्खू होऊ लागले होते. कारण समजते, तरी नियम खटकतो. परंतु त्याच परंपरेत खुज्जुत्तरा आहे. राणी सामावतीची ही कुबडी दासी तथागतांचे प्रवचन ऐकून येई आणि अंतःपुरातील स्त्रियांना जसेच्या तसे सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले आणि 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला असे परंपरा मानते. कुबड असलेली दासी आपल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एक होती. आपल्या रविवारच्या बालवर्गात मी तिचे नाव एकदाही ऐकलेले नाही.

दुसरी कथा चुल्लपंथकाची. या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. तेव्हा त्याचा थोरला भाऊ महापंथक, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याने त्याला सांगितले, तू संघातून निघून जा. त्याच सुमारास जीवकाने संघाला आपल्या आमराईत भोजनाचे निमंत्रण दिले. महापंथकाने सर्वांची नावे दिली, भावाचे वगळले. तथागतांनी चुल्लपंथकाच्या हाती एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि गाथेतून जे त्याला कळले नव्हते, ते अनित्यत्व त्याला त्या मळलेल्या कापडातून कळले. कथेत पुढे चमत्कार आहेत. ते आपण सोडून देऊ. मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तथागतांनी विद्यार्थी बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. येथील चांगल्या शिक्षिका आज नेमके हेच करतात. आणि दुसरी: जीवक दानाचे पाणी सोडू लागला तेव्हा तथागतांनी आपल्या पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कोणी मागे राहिला आहे काय? चुल्लपंथकाला आणवेपर्यंत भोजन सुरू झाले नाही.

आपली जेवणे चार वर्षे सुरू झाली.

आता मुलांना शिकवायचे काय? मूल रस्त्यात कोणाकडे बोट दाखवून विचारते, "आई, त्याला काय झालं?" आई त्याचा हात ओढते आणि म्हणते, "असं बोलू नये." पहिला धडा तेथेच बिघडतो. मुलाला कळते की हे काहीतरी लाजिरवाणे आहे. त्याऐवजी उत्तर द्यावे: त्याचे पाय चालत नाहीत, म्हणून तो खुर्चीने जातो. बस. चार वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. थोड्या मोठ्यांना सांगावे की न विचारता कोणाची खुर्ची ढकलू नये, कारण खुर्ची हे त्याचे शरीरच आहे. बोलताना त्याच्या आईकडे न पाहता त्याच्याकडे पाहावे. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला तर आपण वाक्य पूर्ण करून देऊ नये.

काही ठिकाणी मुलांच्या डोळ्यांना दहा मिनिटे पट्टी बांधून त्यांना अंधत्वाचा अनुभव देतात. मला हा प्रकार फारसा पसंत नाही. दहा मिनिटांत मूल आंधळे होणे किती भयंकर हे शिकते. अंध माणूस वर्षानुवर्षे कसा कुशलतेने वावरतो, हे शिकत नाही. पट्टी सुटली की ते सुटकेचा श्वास टाकते आणि मनात कीव उरते. त्याऐवजी एखाद्या अंध व्यक्तीला वर्गात बोलवावे आणि तिला वाटेल ते तिने सांगावे.

थोर व्यक्तींच्या गोष्टीही जपून सांगाव्यात. मरी हॅल्बर्ग यांचा डावा हात रग्बीतील इजेने निकामी झाला होता आणि त्यांनी १९६० साली रोमला ५००० मीटर धावण्यात सुवर्णपदक मिळवले. नेरोली फेअरहॉल १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीत उतरल्या. कमरेखाली अर्धांग झालेल्या व्यक्तीने ऑलिंपिकमध्ये भाग घेण्याची ती पहिली वेळ. सांगाव्यात या गोष्टी. पण वर्गातील अपंग मुलाने पदक मिळवले तरच तो आपला, असा त्यांचा अर्थ होता कामा नये. आपल्यातही नाही का, एक मुलगा डॉक्टर झाला की गावाने त्याला आपला म्हणायचे, आणि बाकीचे वस्तीतच?

नावाचा प्रश्न आपल्याला नव्याने समजावून सांगावा लागू नये. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडले. नाव गोड असले तरी ते दुसऱ्याने दिलेले होते. भारतात अलीकडे 'दिव्यांग' हा शब्द सरकारी झाला. त्यावर अपंगांच्या अनेक संघटनांनी असाच आक्षेप घेतला. दैवी अंग नको, उतरता मार्ग द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मी आज जुनाच 'अपंग' शब्द वापरत आहे. तोही कोणाला टोचत असेल तर त्यांनी सांगावे, मी बदलेन. येथे माओरी भाषातज्ज्ञ केरी ओपाई यांनी स्वमग्नतेसाठी 'ताकीवातांगा' असा शब्द घडवला. स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या अवकाशात असणे, असा त्याचा अर्थ. आपल्या 'स्वमग्न' शब्दात दार बंद केल्याचा भाव आहे. त्या शब्दात थांबून वाट पाहण्याचा आहे. हा शब्द आपल्या मुलांना शाळेतच ऐकायला मिळेल. तो त्यांनी आपल्याला शिकवावा.

एक भीती उघड बोलली पाहिजे. स्थायी वास्तव्याच्या अर्जाला येथे आरोग्याची अट आहे आणि अपंग मूल असलेल्या कुटुंबांचे अर्ज त्यापायी अडल्याची उदाहरणे आहेत. २००८ साली अपंगांच्या हक्कांचा करार मान्य करणाऱ्या देशाला ही अट शोभत नाही, असे मला वाटते, आणि अपंगांच्या संघटनाही तेच म्हणत आल्या आहेत. पण या भीतीने काही पालक मुलाची तपासणीच टाळतात, हे मी डॉक्टर म्हणून पाहते. ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली दोन-तीन वर्षे भाषेविना गेली, तर ती भरून काढणे फार कठीण असते. अर्जाचे काय करायचे ते जाणकार वकिलाला विचारा. मुलाचा कान मात्र वाट पाहत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर बाबासाहेब उभे होते, ते हातातील काठीच्या आणि सहकाऱ्याच्या खांद्याच्या आधाराने. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. काठी घेतलेला त्यांचा पुतळा मी अद्याप पाहिलेला नाही.

आजचे हे सभागृह आपण पायऱ्या नाहीत म्हणून निवडले, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ज्या मुलापासून मी सुरुवात केली, तो आज आला आहे. कार्यकारिणीची इच्छा होती की त्याला पहिल्या रांगेत बसवावे आणि पुष्पगुच्छ देऊन त्याचे स्वागत करावे. मी म्हणाले, आधी त्याला विचारू. गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले. त्याच्यापाशी एक यंत्र आहे; त्यावरील अक्षरे तो एका बोटाने निवडतो आणि यंत्र ती वाचून दाखवते. वेळ लागतो. त्याने उत्तर दिले की, त्याला पुढे बसायचे नाही. मागे, ताईच्या मैत्रिणी आणि इतर मुले बसतात तेथे बसायचे आहे, आणि पुष्पगुच्छ नको. नंतर आणखी काही अक्षरे निवडली. माझे भाषण किती वेळ चालणार, असे त्याने विचारले होते. मी वीस मिनिटे असे सांगितले. ती केव्हाच होऊन गेली आहेत.

जय भीम.